दुसऱ्यांदा जळालेली क्लच प्लेट

देवणीच्या केरबानं अर्धं आयुष्य उदगीरच्या रस्त्यावर प्रवाशांची जीप चालवली. जीप जुनी होती, कंधारच्या एका मास्तरांकडून घेतलेली, पण सकाळची पहिली फेरी तिनं सहसा चुकवली नाही. केरबा गाडी दामटणारा माणूस नव्हता. त्याच्या गाडीत झोप लागते, असं बायका म्हणायच्या.

दिवाळीत क्लच प्लेट गेली. उदगीरच्या संगमेश मिस्त्रीनं नवी बसवून दिली. होळीच्या आधीच केरबा पुन्हा त्याच्या गॅरेजवर येऊन उभा राहिला.

"चढाला इंजिन नुसतं बोंबलून राहिलंय, गाडी म्होरं सरकत न्हाई," तो म्हणाला. "आन् सपाटीवर रेस दिली की आधी अडखळती, मग हिसका देती. प्लेटच खराब दिलीस तू."

संगमेशनं वाद घातला नाही. अडखळण्याचं मूळ त्यानं आधी डिझेलमध्ये शोधलं. फिल्टर बदलला, पाइपात हवा शिरते का ते पाहिलं. मग एकटाच एक चक्कर मारून आला. चढाला क्लच घसरत होता, जळका वासही येत होता. पण सपाटीवर गाडी एकदाही अडखळली नाही. गिअरबॉक्स उतरवला, तर प्लेट काळी ठिक्कर पडलेली. त्यानं दुसरी बसवली.

"चला मामा, तुमी चालवा. मी बाजूला बसतो."

देवणी रोडला लागल्यावर संगमेश रस्त्याकडे नाही, केरबाच्या पायांकडे बघत होता. गिअर पडला तरी डावा पाय क्लचवरच होता.

"पाय काढा मामा."

"काढलाय की."

पाय तिथंच होता. उजवा पायही आधी रेसवर जेमतेम टेकायचा, मग एकदम दाबायचा, आणि गाडी हिसका द्यायची.

चहाच्या हॉटेलापाशी केरबा उतरला आणि खडीवरून चालत निघाला. डावी चप्पल क्लचखालीच राहिली होती, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. संगमेशनं ती उचलून नेली.

"मामा, तुमची चप्पल."

केरबानं खाली पाहिलं आणि बाकावर बसला. तळव्यात, बोटाच्या मुळाशी, बाभळीचा काटा मोडला होता. भोवती पू धरला होता.

"कवा मोडला?"

"ठावं न्हाई."

"दुखत न्हाई?"

"न्हाई."

"गाडीत आता काय दोष न्हाई, मामा," संगमेश हळूच म्हणाला. "पायाला पेडल समजंना झालंय तुमच्या. क्लच दाबलेलाच ऱ्हातोय, म्हून प्लेट जळती."

"तू मिस्त्री हायेस का डाक्टर?" केरबा तडकला. पण चहा संपल्यावर त्यानं चावी संगमेशच्या हातात दिली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसला.

साखरेचा आजार त्याला जुनाच होता. गोळ्या आठवेल तेव्हा घ्यायचा. बायको रेणुका त्याला लातूरला घेऊन गेली. जखम आतपर्यंत गेली होती. एक बोट काढावं लागलं. पायाची संवेदना परत येईल असं काही नाही, गाडी आता चालवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

जीप विकायला केरबाचं मन होईना. शेवटी रेणुकाचा भाऊ सुदर्शन चालवायला तयार झाला. पहिल्या दिवशी केरबा त्याच्या शेजारी बसला. प्रत्येक वळणाला त्याचे पाय मोकळ्या पत्र्यावर दाबले जात होते. सुदर्शननं गिअर उशिरा टाकला की त्याचा हात आपसूक गिअरकडे जायचा.

उदगीरहून परत मात्र तो एसटीनं आला.

"का वो, जीपनं का न्हाई आलात?" रेणुकानं विचारलं.

"बरं चालवतो सुदर्शन," तो म्हणाला. "मी बसलो तर त्याला चालवू द्यायचो न्हाई."

आता केरबा देवणीच्या स्टँडवर हाका मारून जीपमध्ये सिटं भरतो. पायात डॉक्टरांनी सांगितलेले बंद बूट असतात. रोज सांजच्याला रेणुका ते काढून त्याचे तळवे उजेडात बघते. सुरुवातीला तो लाजायचा. आता बूट स्वतःच सोडतो आणि पाय पुढं करतो.