माईंनी काढलेली सुट्टी

माई गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात होतो. मीटिंग चालू होती. मोबाइलवर मेधाचं नाव लागोपाठ दुसऱ्यांदा आलं म्हणून उठून बाहेर आलो. "आई गेली रे," ती म्हणाली, "झोपेतच…" मी तिला धीर दिला असेल, विमानाच्या तिकिटांचं बघतो म्हणालो असेन. पण त्याआधी, तिचं वाक्य पुरतं संपायच्याही आधी, माझ्या मनात जे आलं ते लिहायला हात धजत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच… पण वाटलं. मला एका अवस्थेत ज्या एकाच माणसानं पाहिलं होतं, ते माणूस आता उरलं नव्हतं. या गोष्टीला दीड महिना होऊन गेला. त्या क्षणाचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून माईंबद्दल लिहायला बसलो आहे.

माई म्हणजे माझ्या सासूबाई, मेधाची आई. मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. परगावचे फोन हातानं जोडून द्यावे लागायचे, त्या काळातली त्यांची नोकरी. गावातली ठरलेली लग्नं, मोडलेली लग्नं, आजारपणं, वाटण्यांची भांडणं, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. मेधा सांगते, लहानपणी ती खोदून खोदून विचारायची, "आई, आज काय ऐकलंस?" त्यावर माई डबा घासायला टाकत म्हणायच्या, "आज लाइन खराब होती गं." तीस वर्षं मिरजेची लाइन खराबच राहिली.

सात वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्या इंग्लंडला, रीडिंग गावी आमच्याकडे आल्या. इथं सगळ्यांच्या आया येतात त्या बाळंतपणाला. आधी हिची आई सहा महिने, मग त्याची आई सहा महिने. आम्हाला तेव्हा मूल नव्हतं, आणि मेधाचा हट्टच होता की माझी आई कामाला येणार नाही, नुसती राहायला येईल. तिकीट काढून झालं आणि त्या यायच्या आधी काही दिवस माझी नोकरी गेली. डॉट-कॉमचा फुगा फुटला होता, मोटरवेच्या कडेची ऑफिसं एकेक मजला रिकामा करत होती. पासपोर्टवर कायम राहण्याचा शिक्का होता, मेधा हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती, म्हणजे उपाशी मरणार नव्हतो. पण जावई घरी बसलाय हे सासूबाईंना सांगायचं कसं? "सुट्टी काढलीय म्हणू," मी म्हटलं. मेधाला पटलं नव्हतं, पण माझा चेहरा बघून ती गप्प बसली. हीथ्रोवर माई म्हणाल्या, "माझ्यासाठी सुट्टी काढलीत? काय हे अविनाशराव!" आणि त्यांना इतका आनंद झाला की मी सामानाच्या गाडीकडेच बघत राहिलो.

आता ते एका सकाळचं. माझी एका कंपनीत मुलाखत होती. मेधा मला शुभेच्छा देऊन कामावर गेली. मी सूट घातला, टाय बांधला, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून एक बूट घातला… आणि दुसरा घालता येईना. कारण विचाराल तर आजही सांगता यायचं नाही. बूट हातात होता, पाय समोर होता, आणि मी रडत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. शेजारच्या टेबलावर फोन वाजायला लागला. मला कळलं की तो मुलाखत ठरवून देणाऱ्या एजन्सीचा आहे, मी का पोचलो नाही ते विचारायला केलेला. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. स्वयंपाकघरातून माई आल्या. ओले हात पदराला पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि रिसीव्हर उचलला. पलीकडच्या बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि एक्स्चेंजमधल्या त्या सपाट, गुळगुळीत आवाजात म्हणाल्या, "सॉरी मॅडम. पार्टी इज नॉट रिस्पॉन्डिंग." रिसीव्हर ठेवला. मग जणू फोन आलाच नव्हता अशा आवाजात मला म्हणाल्या, "गावात थिएटरवर पाटी बघितली काल. आज सकाळी म्हाताऱ्यांसाठी सिनेमा आहे, चहा-बिस्किटं फुकट. मला एकटीला जायची भीती वाटते बाई. एक बूट घातलाच आहे, दुसरा घाला आणि चला."

त्या दिवशी मी सूट-टाय घालून पेन्शनरांच्या घोळक्यात बसून सिनेमा बघितला. कसला होता तेही आठवत नाही. शेजारी माई बिस्किट चहात बुडवत होत्या आणि नायिकेला मराठीत सल्ले देत होत्या. "अगं, त्याच्याबरोबर कुठं निघालीस?" पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी वळून पाहिलं, तर माईंनी त्यांनाच बिस्किट दिलं. घरी येताना म्हणाल्या, "दर आठवड्याला असतं म्हणे. तुमची सुट्टी आहे तोवर येत जाऊ." सुट्टी हा शब्द त्यांनी जराही न अडखळता उच्चारला.

तिथून त्यांचा उन्हाळा सुरू झाला. रोज सकाळी मेधा गेली की त्यांना कसली तरी हौस यायची आणि ती एकटीला जमणार नसायची. लायब्ररीतून मोठ्या टाइपातली खुनांची पुस्तकं आणायची असत. त्यांची पद्धत अशी की आधी शेवटचं प्रकरण वाचून टाकायचं. "कुणी केलं ते कळलं की डोक्याला शांतता, मग माणसं नीट बघता येतात." एकदा मी त्यांना लंडनमधल्या वेम्बलीला, भारतीय दुकानांच्या भागात घेऊन गेलो. मला वाटलं भाजी, साड्या, जिलेबी बघून खूश होतील, तर ईलिंग रोडवर अर्ध्या तासात कंटाळल्या. "एवढ्या लांब येऊन कढीपत्ता कशाला दाखवताय?" त्यांना हवं होतं इथलं खाणं. बेक्ड बीन्सचा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "ही तर आपल्या उसळीची धाकटी, वेडी बहीण." फिश अँड चिप्स आणले की मासा माझ्याकडे सरकवून व्हिनेगरमध्ये भिजलेल्या चिप्स स्वतःकडे घ्यायच्या, आणि मी पूर्ण खाल्लं की नाही ते तिरक्या नजरेनं बघायच्या.

राजकारण त्यांच्या रक्तात होतं. एक्स्चेंजच्या युनियनमध्ये संपात पुढे असायच्या. फुकट येणारं स्थानिक वर्तमानपत्र त्या शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. हॉस्पिटलसमोरच्या बसस्टॉपवर बसायला बाक नाही, म्हातारी माणसं उभी असतात, हे त्यांच्या मनात सलत होतं. आमच्या वॉर्डाचा कौन्सिलर शनिवारी लायब्ररीत लोकांना भेटतो असं वाचल्यावर मला म्हणाल्या, "तुम्ही बोला. माझं इंग्रजी त्याला कळायचं नाही." ज्यांचं इंग्रजी कलेक्टरला कळत होतं त्या बाई हे म्हणत होत्या! आम्ही गेलो. मी तोंड उघडलं तेव्हा आवाजच फुटेना. किती आठवड्यांत मी परक्या माणसाशी बोललो नव्हतो. माई शेजारी हातात पिशवी धरून अगदी बिचाऱ्या होऊन बसल्या होत्या. मग हळूहळू मी बोलत गेलो. मुद्दे मांडले, अगदी कौन्सिलरशी वादही घातला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "वाईट बोलत नाही तुम्ही." एवढंच. बाक काही तेव्हा आलं नाही.

आणि बेसबॉल. रविवारी मेधा घर आवरायला काढून आम्हा दोघांना हाकलून द्यायची. नदीकाठच्या मैदानात काही अमेरिकन, काही कॅनडावाले आणि बरेचसे हौशी इंग्रज मिळून खेळायचे. माई एकदा बघायला थांबल्या आणि मग सबंध उन्हाळा त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. घडीची खुर्ची, थर्मास, शंकरपाळ्यांचा डबा. डेव्ह नावाचा धिप्पाड इलेक्ट्रिशियन चेंडू टाकायचा, तो शंकरपाळे खाल्ल्याशिवाय मैदानात उतरेना. त्यांना 'माय' म्हणायचा. नियम मी समजावून सांगायचे, आणि ते माईंना पटायचे नाहीत.

"अहो, हा मघाशी बाद झाला होता ना? परत कसा आला?"

"परत पाळी येते त्याची."

"बाद झाल्यावर?"

"हो. पुष्कळदा येते."

"काहीतरीच. आपल्याकडे बाद म्हणजे बाद." थोडा वेळ त्या नाराज होऊन बघत राहिल्या. मग तोच माणूस चेंडू टोलवून धावला तेव्हा सर्वांत मोठ्यानं ओरडल्या त्याच. मी खाली गवताकडे बघत बसलो होतो.

ऑगस्टमध्ये पेन्शनर मंडळाच्या सहलीच्या बसनं आम्ही दोघं समुद्रावर गेलो. पाणी बर्फासारखं होतं, तरी माई नऊवारी वर खोचून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. मग गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, लोक थेट नंबर फिरवायला लागले, तेव्हा माईंची खुर्ची गेली. त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. "मी घरी आले आणि अंथरुणात पडले ती उठलेच नाही. मेधाच्या बाबांना वाटलं टायफॉइड. डॉक्टर येऊन गेले, औषधं झाली… टायफॉइड कसला? पण मीही म्हटलं नाही की नव्हता." एवढं बोलून त्या हसल्या आणि समुद्राकडे बघत थांबल्या. मला अजून आठवतं ते थांबणं. त्यांनी जागा करून दिली होती. मी दोनच शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "वारा सुटलाय माई, शाल घ्या."

सप्टेंबरात मला नोकरी लागली. ऑक्टोबरात माई परत गेल्या. हीथ्रोवर म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात येते हं. खेळ कधी सुरू होतात त्यांचे?" मी म्हणालो, "एप्रिलमध्ये." त्यांच्या व्हिसासाठी बोलावण्याचं पत्र मी लिहायचं होतं. त्या वर्षी नवी नोकरी होती म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी घर बदललं. मग मुलगी झाली, आणि तेव्हा माझ्या आईला बोलावलं. दर वेळी कारण खरं असायचं. रविवारी मेधा मिरजेला फोन लावायची, आणि मला त्याच वेळी बागेतलं गवत कापायचं असायचं. मिरजेला एकदा गेलो तर चार माणसांत बसलो, त्यांच्याबरोबर एकटा कधीच नाही. "डेव्ह कसा आहे?" त्यांनी विचारलं होतं. मी त्या मैदानाकडे फिरकतही नव्हतो. बरा आहे म्हणालो. मेधाची अनेक वर्षं समजूत होती की मला तिची आई आवडत नाही. खरी गोष्ट अशी की त्यांच्यासमोर मी पुन्हा त्या पायरीवर एक बूट हातात घेऊन बसलेला असायचो. त्यांनी मला उठवलं होतं, आणि त्याचीच शिक्षा मी त्यांना देत होतो. त्या पुन्हा कधी इंग्लंडला आल्या नाहीत. कधी तक्रारही केली नाही. आमचीही लाइन खराब होती, एवढंच त्यांनी धरलं असेल.

अंत्यसंस्काराला आम्ही पोचू शकलो नाही. तेराव्याची जेवणं उरकल्यावर माईंच्या खोलीत बायका बसल्या होत्या. त्यांत एक्स्चेंजमधल्या दोघी होत्या, कुलकर्णीबाई आणि शेखबाई. मेधानं माझी ओळख करून दिली तर शेखबाईंनी माझा हातच धरला. "अगंबाई! म्हणजे हेच ते, सासूसाठी सबंध उन्हाळा सुट्टी काढणारे!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. सिनेमे, समुद्र, शंकरपाळे खाणारा डेव्ह. सात वर्षं माई हे मिरजेला सांगत आल्या होत्या, आणि त्यांच्या सांगण्यातला मी उदार, हौशी, हसतमुख होतो. "आमचे जावई साधी खुशाली विचारत नाहीत," कुलकर्णीबाई म्हणाल्या. मेधा ताटं उचलता उचलता थांबली होती.

"तसं नव्हतं ते," मी म्हणालो. "माझी नोकरी गेली होती. मी अंथरुणाला खिळू नये म्हणून माईच मला घेऊन फिरत होत्या. सुट्टी मी नाही काढली… त्यांनी काढली होती, माझ्यासाठी."

मग कुलकर्णीबाई शेखबाईंकडे वळल्या. "ऐकलंस? नोकरी गेलेली, तरी फिरवलं हो सासूला!"

"आणि कौतुक केलं तर म्हणतात कसे," शेखबाई म्हणाल्या, "मी काहीच नाही केलं! आता कुठे मिळतात अशी मुलं?"

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. मेधानं मान हलवली, अगदी किंचित. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. माईंच्या घरात फोन उचलायला कुणी उठायचंच नाही, तो त्यांचाच मान होता. त्या दिवशीही सवयीनं कुणी उठलं नाही. मी सगळ्यांत जवळ होतो. सात वर्षांत मी स्वतः एकदाही न फिरवलेला तो नंबर. मी फोनजवळच्या माईंच्या स्टुलावर बसलो आणि रिसीव्हर उचलला. कोल्हापूरहून एक वृद्ध गृहस्थ बोलत होते, एक्स्चेंजमधले माईंचे जुने साहेब. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"जावई."

"इंग्लंडचे? ते… सुट्टी काढली होती ते?"

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणालो. "तोच मी. बोला ना, मला वेळ आहे."