सरलामावशीच्या नावापुढचा शेरा

सरलामावशीवर अन्याय झाला तो गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी सव्वासात वाजता, भर उपासनेत. वेळेसकट सांगते आहे, कारण 'काहीतरी गैरसमज झाला असेल' असं आता जो तो म्हणू लागला आहे. प्रभुभोजनाचं ताट आमच्या बाकापाशी आलं. चर्चच्या पंचांनी ते माझ्यापुढं धरलं आणि मावशीला वगळून पलीकडच्या बाईंकडं नेलं. भाकरीचा तुकडा घ्यायला पुढं केलेला ऐंशीला टेकलेल्या बाईचा हात तसाच राहिला... मग तिनं तो पदराखाली घेतला. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते : जेवायला बोलावून भरल्या पंगतीतून उठवावं, तसं हे आहे. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी कोल्हापूरच्या बिंदू चौकात पत्रकं वाटत होते. आणि ज्यांनी ताट पुढं नेलं त्यांनीच दफनविधीला तिला 'विश्वासू भगिनी' म्हटलं. माणूस गेल्यावर एकाएकी गोड बोलणारे भेटले की मला संशय येतो.

मावशी मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन होती. कागल, हातकणंगल्याकडच्या पोरी तिथं शिकायला असत, आणि सुटीत मीही तिच्याकडं राहायला जाई. रविवारी बायबलमधलं वचन पाठ म्हणून दाखवलं की ती गुळाचा खडा द्यायची. एकदा मी आठ वचनं न अडखळता म्हणून दाखवली. माझ्यामागं शैला नावाची पोर होती, तिला एकही येईना. मावशीनं दोघींच्या हातावर सारखाच खडा ठेवला. मी भडकले. "मग मी पाठ कशाला केली?" मावशी शांतपणे म्हणाली, "मला काय ठावं? गुळासाठी केलतीस व्हय?" शैला हसली. मी तो खडा रागानं मोरीत टाकला, आणि मावशीनं दुसरा दिला. त्या वयातही मला वाटलं, ही बाई मुलींना बिघडवते आहे.

तसं मला फार वर्षं वाटत राहिलं. देवाची कृपा कमवावी लागत नाही, ती मिळालेलीच असते, विश्वासानं फक्त हात पुढं करायचा, हे तिचं सगळं धर्मशास्त्र. उपास, हजेरी, लांबलचक प्रार्थना यांनी देव प्रसन्न होत नाही, कारण तो रुसलेलाच नाही, असं ती सांगायची. मी तोवर चळवळीत पडले होते. फुकट वाटणाऱ्यांकडं आधी संशयानं बघायचं, हे आम्हाला पहिल्याच शिबिरात शिकवलेलं. मी तिला म्हटलं, "मावशे, फुकट काही मिळत नसतं. मागनं बिल येतंच." तर म्हणाली, "आईच्या पोटातनं येताना काय देऊन आलतीस गं, पुढारीणबाई?" मग वर आणखी, "तुमच्यात तर आमच्यापेक्षा जास्त हाय की! कोण किती मोर्चाला आलं, कोण किती डाव आत जाऊन आलं... तुमचाबी उपासच चाललाय." मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला असणार, पण तेव्हा मी तो तिच्या भाबडेपणावर काढला.

यंदा ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांसाठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एक तक्ता लागला. मंदिराच्या दारातच. डाव्या बाजूला सगळ्या सभासदांची नावं, पुढं रकाने : उपास, प्रार्थनासभा, वाचलेले अध्याय. ज्यानं त्यानं आपल्या ओळीत बरोबरची खूण करायची. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वाईट माणूस नाहीत, लोक ढिले पडलेत याची त्यांना खरीच काळजी होती. पण पंधरा दिवसांत मंडळीतली माणसं एकमेकांच्या ओळी वाचायला लागली. "त्यांच्या सुनेचं बघितलं का? पाकच कोरं हाय!" एका मंगळवारी दुपारी मावशी एकटीच देवळात गेली आणि तिनं सगळ्यांचे सगळे रकाने भरून टाकले. अंथरुणाला खिळलेल्यांचे, दारू पिऊन पडणाऱ्यांचे, पुण्याला जाऊन पाच वर्षं तोंड न दाखवलेल्यांचेही. पार ईस्टरपर्यंतचे. फक्त स्वतःची ओळ कोरी ठेवली.

रविवारी गोंधळ माजला. सगळ्यात जास्त चिडले ते खरोखर उपास केलेले, कारण आता त्यांची ओळ वेगळी दिसेना. पंचकमिटीनं मावशीला बोलावलं. मीही गेले. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, ही चक्क खोटी नोंद झाली." मावशी म्हणाली, "खोटी कशी? येशूनं वधस्तंभावर सगळ्यांचं भरून टाकलंय, असं तुम्हीच शिकवताय न्हवं?" "आणि मग तुमची ओळ?" पाळकांनी विचारलं. "आपली आपण भरायची आसती तर कृपा कशाला पायजे हुती? भरंल की कोणतरी."

कुणी भरली नाही. त्या तक्त्यापुढून मंडळीतलं प्रत्येक माणूस दोन-तीनदा तरी गेलं असेल. मीही गेले, खिशात पेन असताना. मला वाटलं, म्हातारी मुद्दाम हुतात्मा व्हायला बघते आहे. तिच्याही हेतूचा मला संशय आला, हे इथं लिहायलाच हवं. मी घरी जाऊन मंडळीविरुद्ध दोन पानी पत्रक लिहिलं. त्यात 'मक्तेदारी' हा शब्द सहा वेळा आला होता. मावशीनं चष्मा लावून ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

दवाखान्यात तिनं प्रभुभोजन मागितलं. उत्तरादाखल, तक्त्यात खोटी नोंद केल्याबद्दलचं टाईप केलेलं माफीपत्र आलं. त्यावर सही केली की पाळकसाहेब भाकर घेऊन येतील, असा निरोप होता. तो देणाऱ्या पंचांना तिनं "बसा, पावणं" म्हणून खुर्ची दाखवली, डब्यातलं सफरचंद कापून दिलं, आणि सही न करता कागद उशीखाली ठेवला. नंतर तिची पिशवी आवरताना तो मला सापडला. मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या अक्षरात यादी होती : मिरच्या, सुकं खोबरं, तीळ, लसूण... दर उन्हाळ्यात ती कांदालसणाची चटणी करायची. खाली कुणाकुणाला द्यायची त्यांची नावं. पहिलं नाव पाळकबाईंचं, दुसरं सेक्रेटरींचं. माझं सहावं. यात डाव काय असेल, हे मी अजून शोधते आहे. सापडलेला नाही.

मंडळीच्या रजिस्टरात तिच्या नावापुढं आज 'शिस्तीखाली', म्हणजे माफी मागेपर्यंत प्रभुभोजन बंद, असा शेरा आहे. मी स्वतः बघितला. कागदोपत्री ती मंडळीबाहेर मेली. येत्या रविवारी उपासनेनंतर वार्षिक सभा आहे, आणि तो शेरा खोडायचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. ही पुरवणी मंडळीतल्या बऱ्याच घरांत येते, हे मला माहीत आहे. आधी तिची लायकी तपासत बसू नका, माझीही नको. थांबा, आणि हात वर करा.