गळका रॅक आणि तारेनं आवळलेलं रबर

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितोय.

आमच्या जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, तेल गळत होता. विट्याच्या मिस्त्रीनं काल "सील बदललं", म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी नवी घातली, म्हणून गाडी दिली.

आज पोटुशा बहिणीला साताऱ्याच्या दवाखान्यात नेताना वळणावरच स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. समोरून ट्रक! कशीबशी गाडी कडेला घातली.

वाटेतल्या दुसऱ्या मिस्त्रीनं रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण कापलं, तर आत साठलेलं तेल भळाभळा आलं. सील जुनंच. गळती दिसू नये म्हणून रबर नुसतं तारेनं आवळलेलं!

बहिणीला दुसऱ्या गाडीनं दवाखान्यात नेऊन परतताना विट्याच्या मिस्त्रीला जाब विचारला, तर हसून म्हणतो, "आवं, गळायचं थांबलं हुतं की!"

तिथं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "स्वस्तात करतोय न्हवं?"

दोघांचीही किळस आली. तुम्ही काय केलं असतं?