आब्लारा, आब्लारास
"आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस..." असं पुटपुटत मामा पॅनपाशी उभे असायचे. मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाढा तुटला की तुमचं-आमचंही असंच होतं.

सांगलीजवळच्या आमच्या साखर कारखान्यात मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, पॅनमन होते. पॅन म्हणजे वाफेवर तापणाऱ्या मोठ्या बंद कढईत उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडायचं काम त्यांचं. मी तिथंच प्रयोगशाळेत होतो. सत्तरच्या दशकात त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली. तिथली भाषा स्पॅनिश. मिरजेचे एक म्हातारे पाद्री रविवारी शिकवायचे. त्यांना व्याकरणाचं भारी वेड! त्यांनी 'बोलणे' हे नियमानं चालणारं क्रियापद दिलं, तेही 'बोललो असतो तर' अशा जर-तरच्या रूपात. तेच हे आब्लारा, आब्लारास.

"आवं साहेब, मला 'मागं सर' शिकवा म्हणलं, तर फादर म्हणत्यात, त्यो धडा म्होरं हाय," मामा हसून सांगायचे. मग हळूच म्हणायचे, "तिथं वाफंचा नळ फुटला आन् हाताखालच्या गड्याला वराडताच न्हाई आलं तर? लय भ्या वाटतं." ते ऐकून मलाही धास्ती वाटायची.

निघायच्या आठवड्यात आमच्याच पॅनवर वाफेच्या नळाचा जोड सुटायला लागला. जतकडचा एक कामगार नेमका त्याखाली पाठमोरा उभा. मामा जिवाच्या आकांतानं ओरडले, "आब्लारा! आब्लारास!"

तो नुसता हसला. मामांचा अभ्यास चाललाय, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. मामांनी झेप घेऊन त्याला ढकललं आणि वाफेचा लोट सुटला. तो वाचला. मामांचा दंड भाजला.

"साहेब, तोंडातनं मराठी आलंच न्हाई," ते म्हणाले. "हितं ही गत, तिथं काय हुईल?"

जाऊ नका, असं मी म्हणालो. पण इथली नोकरी सोडून झाली होती.

मिरज स्टेशनवर मीही पोचवायला गेलो होतो. मामी डब्याच्या खिडकीला खेटून उभ्या होत्या. "आवं, 'मागं सर' कसं म्हणत्यात तिकडं? आलं का तुमास्नी?"

मामांनी तोंड उघडलं, तर पुन्हा 'आब्लारा'च आलं. गाडी हलली. मामी खिडकीचा गज सोडेनात, तशाच गाडीबरोबर चालू लागल्या. मामांनी गजांतून हात बाहेर काढून त्यांना जोरात मागं ढकललं. त्या पडणार, तोच मी धरलं.

"लागलं न्हाई वं मला," मामी जाणाऱ्या गाडीला सांगत राहिल्या.