आबांना रिव्हॉल्व्हर हवं होतं

निरगुडसरला आमच्या मळ्यात आमचं एकच घर. शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर, पण ऊस वाढला की तिचं छप्परसुद्धा दिसायचं नाही. मी जुन्नरला शाळेत मास्तर, बायकोमुलांसह तिथंच दोन खोल्यांत राहायचो. मळ्यात आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंच. नव्वदच्या दशकात आमच्या भागात रानातल्या वस्त्यांवर चोऱ्या वाढल्या. उसापलीकडच्या वस्तीवर एका म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं, तिची कानाची पाळी फाटली. आबा तिला बघून आले आणि दुसऱ्याच दिवशी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करायला निघाले.

अर्ज कसला, आबांनी सरकारशी लग्नच लावलं. पोलीस पाटील, ठाणं, तहसील, पुण्याचं कार्यालय. जबाब व्हायचे, कागद गहाळ व्हायचे, परत जबाब व्हायचे. मळ्यात कधी हवालदार चौकशीला यायचा, कधी कुणी साहेब. प्रत्येकाला खुर्ची, चहा आणि जाताना पिशवीभर मेथी. आबांचा मात्र उत्साह दांडगा. परवान्याचा पत्ता नसताना त्यांनी जुन्नरच्या बाजारातून रिव्हॉल्व्हर अडकवायचा चामडी पट्टा शिवून आणला. तो पट्टा खुंटीवर लटकत राहिला. त्यात मोटारीचा टेस्टर आणि तंबाखूची पुडी असायची. गावातली माणसं चेष्टा करायची, "आबा, तंबाखूला लायसन मिळालं का?" आबा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचे.

परवाना आला तेव्हा नवं शतक उजाडून गेलं होतं आणि आबांचं विसरणं सुरू झालं होतं.

आधी साध्या गोष्टी. मोटार चालू करून यायचे आणि पाणी कुठल्या वाफ्यात सोडलंय ते आठवायचं नाही. मग कधीच मेलेल्या बैलाला वैरण घातली का, म्हणून आईला विचारायला लागले. जुन्नरचा डॉक्टर म्हणाला, वय झालं, चालायचंच. मला त्याचा राग आला. चालायचंच म्हणायला त्याचं काय जात होतं! पण गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आबा पारावर बसले की पूर्वीसारखेच बोलायचे, बांधाची भांडणं सोडवायचे, पुढाऱ्यांच्या नकला करायचे. अशा माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, हे मी कुठल्या तोंडानं आणि कुणाला सांगणार होतो? ठाण्यात जाऊन? ज्या बापाच्या नावावर गावात माझी मान ताठ होती, त्याच बापाबद्दल?

नवीन रिव्हॉल्व्हरची किंमत ऐकून आबांनीच वापरलेलं शोधलं. आळ्याच्या एका बागायतदारांचं होतं. त्यांचं वय झालं होतं आणि मुलाला त्यात रस नव्हता. आबांना घेऊन मी गेलो. मनातून वाटत होतं, तिथं काहीतरी गडबड व्हावी आणि प्रश्न आपोआप सुटावा. पण आबांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, नळी जमिनीकडे ठेवली, चक्र उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि परत बंद केलं. हात जराही कापला नाही.

बागायतदार म्हणाले, "खरं सांगू का आबा, लई उपेग न्हाई याचा. बिबट्या आला तर चालवता येत न्हाई, आपणच आत जातो. आन् इलेक्शन आलं की चौकीत जमा करा. ग्रामपंचायत झाली की झेडपी, झेडपी झाली की आमदारकी. माझ्यापेक्षा चौकीतच जास्त राह्यलंय ते."

"म्हंजी वापर कमीच की!" आबा म्हणाले. "मग तर नव्यावानी हाय, राव!"

बागायतदार पोट धरून हसले. मीही हसलो. क्षणभर मला वाटलं, आपणच भित्रे आहोत, आबा पूर्वीसारखेच आहेत. येत्या रविवारपर्यंत कळवतो असं सांगून आम्ही निघालो. आळेफाट्यावर एसटीची वाट बघत चहा घेतला. आबांनी बशीतला चहा फुंकून प्यायला, बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, "आपुन कुणाकडं आल्तो रं?"

मळ्यात पोचल्यावर आईला गोठ्यामागे नेऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, नको रे बाबा ते घरात. ती म्हणाली, "आण."

"आई, त्यांना मघाशी सांगितलेलं आता आठवत नाही."

"न्हाई तर न्हाई. चोराला कुठं ठावं हाय ते? घरात बंदूक हाय एवढं गावात झालं म्हंजी पुरं. गोळ्या मी ठेवीन माझ्याकडं, पिठाच्या डब्यात."

"आणि त्यांनी शोधल्या तर?"

"त्यांना त्यांचा चष्मा घावत न्हाई," आई म्हणाली. मग तिचा आवाज एकदम बसला. "तू जातो निघून जुन्नरला. कुत्रं भुकलं की मी उठून बसती. त्यांना हाक मारती तर ते निस्तं बघत्यात माझ्याकडं. मला लई भ्या वाटतं."

अंगणात परत आल्यावर, जुन्नरला चला, असं मी कितव्यांदा तरी म्हणालो. आबांनी ते आतून ऐकलं. "दोन खोल्यांत कोंबड्या पाळ," ते म्हणाले. "आमी हितंच बरं हाये."

तो आठवडा मी कसाबसा काढला. वर्गात गणित घालायचो आणि फळ्याकडे बघत उभा राहायचो. घ्यावं तर आबांची भीती, न घ्यावं तर आईचा जीव टांगणीला. परवान्यावर खरेदीची मुदत होती आणि तीही संपत आली होती. कधी वाटायचं, गोळ्या आईकडे असल्या म्हणजे झालं. कधी वाटायचं, नुसत्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरपायीसुद्धा चोर माणसाला मारून टाकेल. कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. ज्याला आयुष्यभर विचारत आलो, त्याच्याबद्दलच तर प्रश्न होता. शेवटी शनिवारी मी मनाशी ठरवलं की आईचं ऐकायचं.

रविवारी दुपारी एसटीतून उतरून मळ्याकडे चालत गेलो. आमच्याकडे वस्तीवर कुणी थेट दारात जात नाही. लांबूनच ओरडायचं, मग घरचा माणूस कुत्र्याला आवरतो. कुत्रं मला ओळखत होतं, तरी सवयीनं मी बांधावरून ओरडलो, "कुत्रं धरा!" आबा बाहेर आले. त्यांनी कुत्र्याचा पट्टा धरला, आत जाऊन खुर्ची आणली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली.

"या साहेब. बसा."

मला वाटलं, चेष्टा करतायत. शाळेची बॅग खांद्याला होती, पांढरा शर्ट होता. मी हसून बसलो.

"चा ठेवला असता, पन घरात कुनी न्हाई. पोरगा जुन्नरला असतो. मास्तर हाय. चांगला हाय, पन लई भित्रा."

तेव्हा मला कळलं. त्यांचे डोळे माझ्यावरच होते, आणि त्यात मी नव्हतो. आबा, मी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं. पण ते इतके अदबीनं, हात जोडून उभे होते की मला ते म्हणवेना. त्यांना त्यांच्याच दारात लाजवायचं कसं? काहीतरी बोलायचं म्हणून मी साहेबासारखं विचारलं, "कशासाठी पाहिजे तुम्हाला रिव्हॉल्व्हर?"

आबांनी रस्त्याकडे बघितलं. मग माझ्याजवळ वाकले आणि आवाज खाली आणला.

"साहेब, पोराच्या कानावर घालू नका. उगा घोर लावून घ्यायचा. घरात एक बाई येती. भाकरी करती, माझ्या शेजारीच अंथरून टाकती. वळख पटत न्हाई. कुनी पाठवलीय कळत न्हाई. कुत्रं भुकलं की उठून बसती आन् मला हाका मारती. मी गप पडून ऱ्हातो. हाताशी कायतरी असलं म्हंजी बरं."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली बघत राहिलो. उसाच्या कडेनं आई आली, डोक्यावर घासाचा भारा. आबा एकदम ताठ झाले. "आली," ते पुटपुटले.

आईनं भारा टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आलास व्हय? कवा आणायचं ठरलं मग?"

"ते विकलं गेलं," मी म्हणालो.

आई तिथंच भाऱ्यावर बसली. "मग दुसरं कुठं मिळतंय का बघ की रं," ती म्हणाली.

आबांनीही मान डोलावली. "बघा साहेब," ते म्हणाले. "लवकर बघा."