भागाबाई सापडली

मंगळवारी दुपारी दिल्लीतल्या एका सरकारी अभिलेखागारात, 'शांतता राखा' या पाटीच्या अगदी समोर बसून, मी मोठ्याने ओरडले... "सापडली!"

कोण सापडली? माझी पणजी. भागाबाई.

बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झाले, आता दिल्लीतच द्वारकेला आमच्याकडे असतात. त्यांचं लहानपण चंद्रपूरला त्यांच्या आजीजवळ, म्हणजे भागाबाईजवळ गेलं.

इंग्रजांच्या काळात ती नवऱ्याबरोबर, म्हणजे दसरूबरोबर, कोळशाच्या खाणीत उतरायची. तो कोळसा फोडायचा, ती टोपलीतून वाहायची. एकदा आत छत कोसळलं, वाट बंद झाली, दिवे विझले. सगळे घाबरून गेले, पण भागाबाईने अंधारात माणसांना एका जुन्या वाटेने बाहेर काढलं... ही गोष्ट बाबांनी आम्हाला शंभर वेळा सांगितली असेल.

दिवाळीत घरी सगळे जमले होते. माझा चुलतभाऊ प्रशांत दिल्लीजवळ मानेसरला इंजिनिअर आहे. तो हसत म्हणाला, "काका, काहीही हां! खाणीत बायांना कुठे उतरू देतात, यार?"

सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले.

त्यानंतर बाबांनी ती गोष्ट सांगणंच बंद केलं. माझ्या मुलीने हट्ट केला तेव्हा म्हणाले, "जाऊ दे बेटा, माझंच काहीतरी चुकत असेल." ते वाक्य मला फार लागलं.

मग मी ऑफिसातून अधूनमधून सुट्टी घेऊन खाणींच्या जुन्या फायली मागवायला लागले. आधी कळलं ते हे की त्या काळी बायका खरंच खाणीत उतरायच्या, बंदी नंतर आली. पण कागदांवर पुरुषांची नावं, आणि बायका म्हणजे नुसता आकडा. पाच खेपा रिकाम्या हाताने परतले...

सहाव्या खेपेला एका अपघाताच्या चौकशीची फाईल आली. पानं इतकी जीर्ण की श्वाससुद्धा जपून घ्यावा. साक्षीदारांमध्ये एक नाव होतं. भागी, दसरूची बायको, कोळसा वाहणारी. खाली इंग्रजीत तिची साक्ष: 'माझ्या गालाला वारा लागला. मी माणसांना म्हटलं, वारा येतो तिकडे चला.'

माझ्या अंगावर काटा आला. कारण बाबा गोष्ट सांगताना आजीचे शब्द तिच्याच बोलीत म्हणायचे... "गालाले वारा लागला, तिकडंच चला!"

मी ओरडले तेव्हा काउंटरवरच्या मॅडम रागावून उठल्या. माझे डोळे पाहून म्हणाल्या, "कौन मिल गया?" मी म्हटलं, "परदादी." त्यांनी स्वतः झेरॉक्सचा फॉर्म आणून दिला.

रविवारी प्रशांतला मुद्दाम जेवायला बोलावलं. सगळ्यांसमोर बाबांनी चष्मा लावला आणि ते पान खड्या आवाजात वाचलं, एकेक शब्द. आवाज एकदाही कापला नाही.

गोष्टीत त्यांनी वीस माणसं सांगितली होती, कागदावर नऊ निघाली. "नऊ तर नऊ," बाबा म्हणाले, "नऊ काय कमी झाली?"

प्रशांत उठून त्यांच्या पाया पडला. "काका, सॉरी. मला वाटलं..."

"सॉरी नको. आता तुझ्या पोरांना तू सांग ही गोष्ट."

आणि त्याने सांगितली. तिथेच, जेवण थांबवून. बाबा ऐकत होते, मध्येमध्ये दुरुस्त्या करत होते. दिवाळीनंतर पहिल्यांदा ते इतके खुशीत दिसले.

साक्ष लिहून घेणारा तो कारकून कोण होता, मला माहीत नाही. त्याने 'एक बाई' एवढंच लिहिलं असतं तरी त्याला कुणी विचारलं नसतं. त्याने तिचं नाव विचारलं... त्या माणसाला मनापासून जयभीम.