काचेआडचे उपाशी देव

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर टेबलावर एक वीतभर लाकडी बैलगाडी उभी होती आणि तिच्यात कांदाभजी रचलेली होती. मुंबईत समुद्राकाठी नव्यानेच निघालेलं, भलताच गाजावाजा झालेलं ते रेस्टॉरंट. गावाकडचं जेवण, पण गाव वगळून, असा एकंदर बेत. वाढणाऱ्यांच्या डोक्याला फेटे, भिंतीवर खिळे मारून टांगलेली सुपं... आणि मॅनेजर मला बैलगाडीमागची कल्पना समजावून सांगत होता. या शहरात कुठे खावं आणि कोणती संग्रहालयं पाहावीत हे दर आठवड्याला पुरवणीत लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे असल्या कल्पना मला ऐकून घ्याव्या लागतात. फोनवर मामेभाऊ निलेश होता. "दादा, अण्णा गेले रं. चहा पिऊन ओट्यावर बसले होते, तितंच..." मी उठलो. मॅनेजरने भजी बांधून देऊ का म्हणून विचारलं.

कर्जत तालुक्यातल्या पोशीरचा हा माझा गणूमामा. भातशेती करायचा आणि जगातल्या बहुतेक गोष्टींना नावं ठेवायचा. भाताचं पीक एखाद्या वर्षी दगा द्यायचं, नावं ठेवण्याचं कधी नाही. मामी गेल्यावर घरात टोमणे ऐकून घ्यायला कोणी उरलं नाही म्हणून असेल, पण भाताची झोडणी आटोपली की पिशवीभर वाल घेऊन तो माझ्याकडे मुंबईत येऊ लागला. मी कामाला निघालो की सदरा चढवून दारात उभा. माझ्या कामाबद्दलही त्याचं मत ठरलेलं होतं. "तू खायाचंस आन् लोकांना सांगायचंस? लोकांना काय जिभा नायत?" मला तो बरोबर असलेला आवडायचा. बहुतेक रेस्टॉरंटं आणि निम्मी संग्रहालयं ज्या ढोंगावर चालतात, ते त्याच्यासमोर पाच मिनिटंसुद्धा तग धरत नसे.

जुन्या नाण्यांच्या दालनात त्याने काचेला नाक लावून विचारलं होतं, "हे चालत नायत ना आता? मंग जपून कशाला ठेवलंय?" तलवारींच्या दालनात तो म्हणाला, एकीलाही धार नाही, यापेक्षा आमच्या घरचा विळा बरा. समुद्र दिसणाऱ्या एका हॉटेलात, जिथे आमटी चिनी मातीच्या उथळ बशीत येते आणि वर एक पान तरंगत असतं, तिथे त्याने ते पान दोन बोटांनी उचलून वेटरच्या हातात दिलं. "पडलं व्हतं," म्हणाला. वेटरने ते माझ्यादेखत नुकतंच झाडावरून तोडल्यासारखं जपून नेलं. असल्या जागांबद्दल मी पुरवणीत जे गोडगोड लिहितो ते मामा कधी वाचत नसे, आणि तेच बरं होतं.

पण एका संग्रहालयात मामा गप्प झाला. वरच्या मजल्यावर, 'लोकजीवन' अशी पाटी असलेल्या दालनात, काचेच्या कपाटात मखमलीवर टाक मांडले होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे देव, तळहातात मावतील एवढे. कोणाचा खंडोबा, कोणाची देवी, कोणाचे गेलेले वाडवडील... प्रत्येकाखाली एक आकडा चिकटवलेला. मामाने आधी चपला काढल्या. पहारेकरी धावत आला. "बाबा, चप्पल घाला, अनवाणी फिरायचं नाही इथं."

"तुमच्या घरी देवाम्होरं चपला घालतात का?" मामाने विचारलं. पहारेकरी मागे सरला. मामा कपाटाकडे बघत राहिला. मग मला हळूच म्हणाला, "कुनाकुनाच्या घरचे हायत रं हे. कवापासनं उपाशी बसलेत."

पुढच्या खेपेला तो तयारीने आला. सदऱ्याच्या खिशात, एका पांढऱ्या फडक्यात, तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा. पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या दारातच काढून घेतात, खिसे कोणी बघत नाही. कपाटासमोर त्याने फडकं उलगडून डाव्या हातावर धरलं, आणि नैवेद्याभोवती पाणी फिरवतात तसा उजवा तळवा फिरवला. कोरडाच. पाणी कुठून आणणार? मग डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला. त्याच पहारेकऱ्याने आम्हाला पाहिलं आणि तो खिडकीशी जाऊन बाहेर बघू लागला. फडकं खिशात गेल्यावर मामाचा आवाज पुन्हा जागेवर आला. "चल आता तुझ्या हाटेलात. बगू काय फजिती करून ठेवलीय."

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. आधी ते दालन, मग जेवण. देवाला दाखवल्याशिवाय मामा घरी कधी जेवला नव्हता. मुंबईत माझ्या घरी देवच नव्हते, म्हणून त्याने आपली सोय परक्यांच्या देवांत करून घेतली. त्या भाकरीतला अर्धा तुकडा तो मला प्रसाद म्हणून द्यायचा, आणि नंतर कितीही नावाजलेल्या ठिकाणी जेवलो तरी तोंडात गूळ राहिलेला असायचा. एकदा बाहेर कट्ट्यावर बसलो असताना तो म्हणाला, "माज्यामागं आमचे देव काचंत जाऊ देऊ नको. निल्याला नाय जमलं तर नदीत सोड. व्हावून गेले तरी चालतील. आसं बसाया नको." मी हो म्हणालो. असल्या वेळी माणूस हो म्हणतो...

दिवसकार्याला पोशीरच्या मांडवात सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी जमिनी विकल्यात, आणि आता ते उरलेल्यांच्या विकून देतात. मामा 'देवमाणूस' होता असं तिथे मला चौघांनी सांगितलं. चौघांनाही मामाने दारातून घालवलं होतं. गावाबाहेर नवं रिसॉर्ट झालंय, त्याच्या मालकाने भला मोठा हार पाठवला होता. तो कशासाठी, हे जेवणं उरकल्यावर कळलं. निलेश मला मागच्या पडवीत घेऊन गेला.

"दादा, शेठ त्यांच्या रेस्टॉरंटात गावाचं म्युझियम करतायत. नांगर, जातं, समदं. आपला देव्हारा मागितलाय. टाकांसकट."

मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. हुरडा म्हणून मक्याचे दाणे देणाऱ्या, ढोलकीची रेकॉर्ड लावून पाहुण्यांना चुलीसमोर फोटो काढायला बसवणाऱ्या त्या जागेत गणूमामाचे देव, सॅलडच्या टेबलाशेजारी! निलेशने सगळं ऐकून घेतलं. खोपोलीत शिळफाट्याला त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, नोकरी कुंभिवलीच्या कारखान्यात, पाळीची. बायकोही कामाला जाते.

"मंग सांग ना कोन करनार रोजचं? माज्याकडं उपाशी ऱ्हातील ते. तितं एसी तरी हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू नेतोस का?"

दर दुपारी बाहेर जेवणारा, देव न मानणारा मी. माझा चढलेला आवाज उतरला. मामाचं बोलणं मी निलेशला सांगितलं, आणि संध्याकाळी टाक फडक्यात बांधून आम्ही नदीवर गेलो. काठावर शनिवारचे पाहुणे उतरले होते. पाण्यात खुर्च्या टाकून बसलेले, गाडीतून गाणी ठणठणतायत, वेफर्सच्या पिशव्या दगडांना अडकल्यात. एक जण आम्हाला बघून म्हणाला, "काका, जरा बाजूला, फोटो काढतोय." निलेश कमरेइतक्या पाण्यात गेला, फडकं हातात धरून उभा राहिला आणि परत फिरला. "हितं नाय रं दादा," म्हणाला. ते पुडकं मी त्याच्या हातातून घेतलं.

आता ते टाक माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या वरच्या फळीवर आहेत. काच नाही, मखमल नाही. पहिल्या दिवशी मी एका चांगल्या रेस्टॉरंटातून पार्सल आणलं होतं. ते फळीखाली नेलं, आणि मामाने त्याला काय म्हटलं असतं ते मला एवढं स्पष्ट ऐकू आलं की डबा बंद करून टाकला. मग मामाच्या शेवटच्या पिशवीतले वाल काढून भिजत घातले. दुसऱ्या दिवशी ते शिजवले, भात लावला. भात खाली लागला होता. मीठ वालांत जास्त पडलं. माझ्या पुरवणीत मी या जेवणाला थारा दिला नसता.

ताट फळीसमोर धरलं आणि उजवा तळवा भोवती फिरवला. मामाकडून मी हे एकाच ठिकाणी शिकलो होतो, त्या काचेच्या कपाटासमोर, म्हणून तस्साच फिरवला. कोरडा. डोळे मिटून उभा राहिलो... मागे नळ गळत होता. इथे पाणी आणायला बंदी नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ताट खाली ठेवलं, उजव्या तळव्यात पाणी घेतलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.